साक्षीचा आवाज आणि यंत्राची पोच : दूरदृश्य उपकरणांच्या निरीक्षण-प्रोटोकॉलांची चिकित्सा

१

'उपस्थिती' हा शब्द कोशात जितका सरळ दिसतो तितका तो न्यायव्यवहारात राहिलेला नाही. फौजदारी खटल्यातील पुरावा आरोपीच्या उपस्थितीत नोंदविला जावा, असा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ चा दंडक होता. अमेरिकेतील एका वैद्यकीय तज्ज्ञाची साक्ष दूरदृश्य प्रणालीने घेता येईल काय, असा प्रश्न 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली 'उपस्थिती' या शब्दाचा अर्थ केवळ शारीरिक उपस्थितीपुरता मर्यादित नाही, असा निर्णय दिला. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने दूरदृश्य सुनावणीचे आदर्श नियम तयार केले, आणि १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने न्यायालयीन कार्यवाही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालविण्यास सर्वसाधारण मुभा दिली. अर्थविस्ताराचे हे उदाहरण भाषाभ्यासकास मनोरंजक वाटेल. परंतु ज्याची साक्ष तारेवरून जाते त्याच्या दृष्टीने प्रश्न मनोरंजनाचा नाही. उपस्थिती एकदा जाळ्यावरून वाहून न्यावयाची ठरली की, ती वाटेत किती गळाली हे सांगणारे कोणीतरी असावे लागते.

हा प्रश्न कोल्हापुरास आज विशेष निकटचा आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिच्या कक्षेत येतात. या जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांच्या निर्णयांवरील अपिले आता येथे वाचली जातील. 'वाचली जातील' हे क्रियापद येथे अक्षरशः घ्यावयाचे आहे. अपिलात साक्षीदार सामान्यतः पुन्हा बोलत नाही. बोलतो तो त्याच्या जबानीचा लेख. खालच्या न्यायालयात दूरदृश्य प्रणालीने साक्ष झाली असेल आणि त्या वेळी काही शब्द हरवले असतील, तर त्या हानीची नोंद लेखात असल्याखेरीज वरच्या न्यायालयास ती दिसण्याचा मार्ग नाही. म्हणून दूरदृश्य उपकरणांचे निरीक्षण कोणत्या प्रोटोकॉलाने करावे, हा वरकरणी तंत्रज्ञांचा वाटणारा प्रश्न वस्तुतः पुराव्याचा प्रश्न आहे. आणि हरवते ती भाषा असल्यामुळे तो काही अंशी भाषाविज्ञानाचाही आहे.

२

प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी परस्परांशी बोलण्याची ठरवून घेतलेली रीत. कोणी आधी बोलावे, काय विचारावे, उत्तर कोणत्या साच्यात द्यावे, हे त्यात निश्चित केलेले असते. निरीक्षणाचा प्रोटोकॉल याहून एक पायरी पुढचा : त्यात यंत्र दुसऱ्या यंत्रास स्वतःविषयी व आपण वाहिलेल्या संवादाविषयी सांगते. या सांगण्याची परीक्षा करावयाची तर आधी संवादात काय जपावयाचे आहे ते ठरविले पाहिजे. तेथे मराठी भाषेचा, आणि विशेषतः या परिसरातील बोलीचा, एक साधा विशेष निर्णायक ठरतो.

प्रमाण मराठीत 'मी तेथे होतो' आणि 'मी तेथे नव्हतो' या वाक्यांतील विरोध क्रियापदाच्या आरंभी असलेल्या नकारदर्शक अंशावर उभा आहे. कोल्हापूर परिसरातील ग्रामीण बोलीत 'होतो' याऐवजी 'व्हतो' असा उच्चार सर्रास ऐकू येतो. आता एखादा साक्षीदार 'त्या रात्री मी वाड्यात नव्हतो' असे म्हणाला आणि त्यातील केवळ 'न' वाटेत गळाला, तर पलीकडे 'त्या रात्री मी वाड्यात व्हतो' असे वाक्य पोहोचते. ते तुटके नाही, विचित्र नाही. त्या बोलीतील पूर्णतः स्वाभाविक वाक्य आहे. जबानी प्रमाण मराठीत उतरविणारा लेखनिक त्याचे 'मी वाड्यात होतो' असे रूप करील, आणि शंकेचा उरलासुरला मागही पुसला जाईल.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्यार्थज्ञानाची तीन कारणे सांगितली आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. पदांना परस्परांची अपेक्षा असली पाहिजे, अर्थाला बाध येता कामा नये, आणि पदे विलंबावाचून उच्चारली गेली पाहिजेत. 'न' गळालेले वरील वाक्य या तिन्ही कसोट्यांना उतरते आणि तरीही वक्त्याच्या म्हणण्याच्या नेमके उलट सांगते. वाक्याच्या अंतर्गत परीक्षेने ही हानी कळत नाही, हा मुद्दा पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे.

मग न्यायालयाच्या कानावर विसंबता येईल काय? ई-समितीच्या आदर्श नियमांत, दूरच्या टोकावरील व्यक्ती स्पष्ट दिसते व ऐकू येते याची न्यायालयाने खात्री करून घ्यावी, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. ती रास्त आहे. परंतु कानाची एक मर्यादा मानसशास्त्राने केव्हाच दाखवून दिली आहे. रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाक्यातील एक ध्वनी काढून त्याच्या जागी खोकल्याचा आवाज घातला, तेव्हा जवळजवळ सर्व श्रोत्यांना काही हरवले आहे हे उमगलेच नाही. मनाने तो ध्वनी भरून काढला होता. जागा निव्वळ शांततेची ठेवली तर मात्र ती श्रोत्यांच्या ध्यानात येते. दूरदृश्य उपकरणांतील ध्वनियोजना नेमकी ही शांतता टाळण्यासाठी झटते. पॅकेट हरवले की कोडेक आधीच्या आवाजाची छटा ओढून पोकळी बुजवितो. ऐकणाऱ्यास त्रास होऊ नये हा त्यामागील हेतू संभाषणात स्तुत्य आहे. साक्षीत मात्र तो हानी झाकणारा ठरतो. यंत्र झाकते आणि कान भरून काढतो, अशा स्थितीत हानीची वार्ता देणारा तिसरा साक्षी आवश्यक होतो. निरीक्षणाचा प्रोटोकॉल हा तो साक्षी. त्याची योग्यता आता पाहू.

३

या क्षेत्रातील ज्येष्ठ प्रोटोकॉल म्हणजे एसएनएमपी. १९८८ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि आजही असंख्य जाळ्यांत रुळलेला आहे. मध्यवर्ती निरीक्षक ठराविक काळाने प्रत्येक उपकरणास प्रश्न विचारतो व उपकरण एखाद्या संख्येने वा शब्दाने उत्तर देते. प्रश्न कशाविषयी विचारता येतील हे 'मिब' नावाच्या कोष्टकात आधीच नोंदलेले असते. हे कोष्टक म्हणजे व्याकरणावाचूनचा कोश आहे : त्यात नामे आहेत, त्यांची मूल्ये आहेत, परंतु नामांचा परस्परसंबंध सांगणारे वाक्य नाही. ज्या वस्तूस कोशात नाव नाही तिच्याविषयी प्रश्नच उद्भवत नाही. दूरदृश्य उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एच.३४१ या शिफारशीद्वारे १९९९ साली असा एक कोश सिद्ध केला, त्यामुळे एच.३२३ कुळातील उपकरणांविषयी विचारण्यासारखे पुष्कळ काही उपलब्ध झाले. तथापि विचारता येणे आणि विचारले जाणे यांत अंतर असते.

व्यवहारात एसएनएमपीने बहुधा तीन गोष्टी विचारल्या जातात : उपकरण चालू आहे काय, त्याच्या जोडणीतून किती माहिती गेली-आली, आणि त्या जोडणीत किती दोष आढळले. रोमान याकोबसन यांनी १९६० साली भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी संपर्ककार्य येथे आठवते. 'ऐकू येते ना?' या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आले, तरी त्यावरून संपर्क आहे एवढेच कळते. काय बोलले गेले आणि त्यातील किती पोहोचले, हे कळत नाही. एसएनएमपीचे नित्याचे प्रश्न या जातीचे आहेत. ते निरर्थक मुळीच नव्हेत. सुनावणीपूर्वी कारागृहातील उपकरण जागे आहे की नाही हे जाणण्यास याहून सोपा उपाय नाही. परंतु संपर्काच्या उत्तरावरून आशयाचा निष्कर्ष काढणे हा प्रमाद आहे, आणि 'यंत्रणा दिवसभर उपलब्ध होती' अशा छापाचे अहवाल तो प्रमाद नित्य करीत असतात.

दोन दोष अधिक नेमके सांगितले पाहिजेत. पहिला कालमानाचा. पाच-पाच मिनिटांनी विचारणा करण्याची प्रथा या क्षेत्रात फार रूढ आहे. दूरदृश्य संवादातील एका पॅकेटात सामान्यतः २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. 'नव्हतो'मधील 'न' व त्याचा स्वर मिळून सुमारे १२० मिलिसेकंदांचा धरला, तर तो सहा पॅकेटांत मावतो. प्रवाह अखंड चालू असल्यास पाच मिनिटांत १५,००० पॅकेटे जातात. त्यांपैकी सहा हरवली तर हानी ०.०४ टक्के. या आकड्यावर कोणताही तंत्रज्ञ समाधान व्यक्त करील, आणि जाळ्याच्या दृष्टीने ते योग्यच ठरेल. साक्षीच्या दृष्टीने मात्र तेवढ्यात होकार-नकाराची अदलाबदल झालेली असते.

दुसरा दोष स्थानाचा. उपकरणाची जोडणी स्वतःच्या दारात आलेली सदोष पॅकेटे मोजते. जे पॅकेट वाटेत दुसऱ्याच एखाद्या यंत्रात गळाले ते तिच्या दाराशी आलेच नाही. म्हणून ते तिच्या दोषगणनेतही येत नाही. दोन्ही टोकांच्या जोडण्या 'दोष शून्य' असे सांगत असता मधल्या वाटेवर शब्द हरवू शकतो. दोन प्रामाणिक साक्षीदारांनी आपापल्या उंबरठ्यापुरते सांगितल्यामुळे मधल्या वाटेवरची घटना नाहीशी व्हावी, असा हा प्रकार आहे.

४

आवाज व चित्र वाहणारा आरटीपी प्रोटोकॉल १९९६ साली प्रमाणित झाला व २००३ मध्ये त्याचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले. त्याच्याबरोबर आरटीसीपी हा सहचर प्रोटोकॉल चालतो. आरटीपीच्या प्रत्येक पॅकेटावर अनुक्रमांक असतो; त्यामुळे जे आले नाही तेही घेणाऱ्यास कळते. एकशे पाचानंतर एकदम एकशे बारा आला, तर मधले सहा कोठे तरी राहिले हे त्यास पाहावयास लागत नाही. आरटीसीपीच्या द्वारे घेणारे टोक पाठविणाऱ्यास ठराविक काळाने पोच देते : किती भाग हरवला, येण्याच्या अंतरात किती अनियमितता होती, इत्यादी. एसएनएमपीत बाहेरचा तपासनीस यंत्रास प्रश्न करतो. आरटीसीपीत श्रोताच वक्त्यास सांगतो. साक्षीच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे. पहिला यंत्राच्या प्रकृतीविषयी बोलतो, दुसरा ऐकण्याच्या घटनेविषयी.

दोन पोचांमधील काळ सामान्यतः किमान पाच सेकंदांचा राखण्याची शिफारस आहे. पाच सेकंदांत २५० पॅकेटे जातात. तीच सहा पॅकेटे येथे २.४ टक्के हानी म्हणून दिसतील. पाच मिनिटांच्या सरासरीत बुडालेली गोष्ट येथे डोके वर काढते. परंतु एवढ्याने काम भागत नाही. सहा पॅकेटे विखरून हरवली असतील तर प्रत्येक पोकळी २० मिलिसेकंदांची, आणि कोडेक ती बहुधा अपाय न होता बुजवील. तीच सहा सलग हरवली तर 'न' गेला. साध्या पोचेत दोन्ही प्रसंगांचा आकडा एकच.

हा भेद दाखविण्याची सोय २००३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आरटीसीपी एक्सआर या विस्तारात आहे. त्यातील एका प्रकारच्या अहवालात हानी सलग होती की विरळ, हे वेगवेगळे सांगितले जाते. दुसऱ्या प्रकारात तर कोणते पॅकेट आले व कोणते आले नाही याची क्रमवार नोंद संक्षिप्त रूपात देता येते. ध्वनीच्या पातळीवर विचार करणाऱ्यास जे हवे असते ते हेच. २०१० साली एसआयपी या जोडणी-प्रोटोकॉलास जोडून, संभाषणाच्या गुणवत्तेचे असे अहवाल त्रयस्थ संग्राहकाकडे धाडण्याचीही रीत ठरविण्यात आली. मात्र एक्सआर हा ऐच्छिक विस्तार आहे. उपकरण आरटीसीपी जाणते एवढ्यावरून ते एक्सआर जाणते असे अनुमान करता येत नाही; खरेदीच्या वेळी ते स्वतंत्रपणे मागावे लागते.

५

आतापर्यंत दोन्ही टोके जणू एकाच जाळ्यात आहेत असे मानले. प्रत्यक्षात कळंबा येथील मध्यवर्ती कारागृह, एखादे सत्र न्यायालय आणि एखादे शासकीय रुग्णालय यांची जाळी भिन्न असू शकतात, त्यांचे चालक भिन्न असू शकतात, आणि प्रत्येकाच्या वेशीवर फायरवॉल असते. प्रोटोकॉलाची निवड खऱ्या अर्थाने कठीण होते ती येथे.

पहिली अडचण दिशेची. एसएनएमपीत बाहेरचा निरीक्षक आत येऊन विचारतो. कारागृहाच्या जाळ्याने अशा आगंतुकास दार उघडू नये हेच शहाणपणाचे. शिवाय या प्रोटोकॉलाच्या पहिल्या दोन रूढ आवृत्त्यांत ओळखीचा शब्द उघडपणे तारेवरून जातो; तो वाटेत कोणीही वाचू शकेल. २००२ च्या अखेरीस पूर्ण प्रमाणभूत झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटविण्याची व मजकूर गुप्त ठेवण्याची व्यवस्था आहे. म्हणून वेशीपलीकडे न्यावयाचा झाल्यास तीच आवृत्ती न्यावी, यात पर्याय नाही. उपकरणाने आपण होऊन कळविण्याचा 'ट्रॅप' नावाचा एसएनएमपीतील संदेशही पोचेवाचूनचा आहे. तो हरवला तर हरवल्याचे धाडणाऱ्यास कळत नाही. जाळे बिघडल्याची वार्ता त्याच बिघडलेल्या जाळ्यावरून, पोच न मागता पाठविणे यात जो विनोद आहे तो रचनाकारांच्याही लक्षात आला असावा, कारण पुढे पोच मागणारा 'इन्फॉर्म' हा संदेश त्यात समाविष्ट झाला. याहून सरळ उपाय असा की, उपकरणाने एचटीटीपीएससारख्या सुरक्षित मार्गाने आपले अहवाल आतून बाहेर धाडावे. आतून बाहेर जाणाऱ्या मार्गास फायरवॉल बहुधा अनुकूल असते, आणि आगंतुकास दार उघडावे लागत नाही.

दुसरी अडचण मध्यस्थाची. अनेक टोके एकत्र जोडावयाची तर मध्ये एमसीयू नावाचे यंत्र बसते. ते एका बाजूचा प्रवाह घेऊन पुन्हा नव्याने दुसऱ्या बाजूस धाडते. अशा वेळी न्यायालयाच्या टोकाने दिलेली आरटीसीपीची पोच ही एमसीयूपासून न्यायालयापर्यंतच्या पल्ल्याची असते. कारागृहापासून एमसीयूपर्यंतच्या पल्ल्यात 'न' हरवला असेल, तर न्यायालयाचे टोक निष्कपटपणे 'सर्व पोहोचले' असे सांगेल. कारण त्याच्याकडे बुजविलेला आवाजच अखंड आला. ऐकीव पुराव्याविषयी कायदा जी सावधगिरी बाळगतो ती येथेही हवी : प्रत्येक पल्ल्याची साक्ष त्या पल्ल्याच्या श्रोत्याकडूनच घेतली पाहिजे.

तिसरी अडचण सन्निधीची. फायरवॉल नेहमीचा मार्ग रोखते तेव्हा काही प्रणाली आवाज टीसीपीवरून धाडतात. टीसीपी हरवलेले पुन्हा मागवितो. त्यामुळे हानीचा रकाना शून्य दाखवितो, परंतु शब्द उशिरा येतात आणि येतात तेव्हा दाटीने येतात. पदे प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारली तर त्यांपासून वाक्यार्थ होत नाही, असे 'तर्कसंग्रहा'त सन्निधीच्या संदर्भात सांगितले आहे. येथील विलंब प्रहराचा नसून सेकंदाच्या अंशाचा आहे. पण माणसांच्या बोलण्यातील पाळी त्याहून नाजूक असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात प्रश्न व उत्तर यांमधील सरासरी अंतर सेकंदाच्या पंचमांशाच्या आसपास आढळले. दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस एका दिशेच्या विलंबास १५० मिलिसेकंदांपर्यंत सर्वसामान्यपणे निर्धोक मानते व ४०० च्या पुढे जाऊ नये असे सुचविते. उलटतपासणीत उत्तर देण्यास लागलेला वेळ हाही संशयाचा विषय होतो. तारेने घातलेला विलंब साक्षीदाराच्या चाचरण्याच्या खाती जमा होऊ द्यावयाचा नसेल, तर हानीबरोबर विलंबाचीही नोंद हवी.

आणि या सर्व नोंदींना एक समान घड्याळ हवे. 'साक्षीत कोठेतरी सहा पॅकेटे गेली' या ज्ञानाचा न्यायालयास उपयोग नाही; कोणत्या वाक्यात गेली हे कळले तरच ते वाक्य पुन्हा विचारता येईल. एनटीपीने सर्व यंत्रांची घड्याळे जुळविणे ही किरकोळ बाब समजली जाते; पुराव्याच्या दृष्टीने ती पहिली अट आहे.

६

वरील भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, एवढी सूक्ष्म नोंद ठेवल्यास प्रत्येक पक्षकार प्रत्येक हरवलेल्या पॅकेटाचा बाऊ करील आणि कोणतीही साक्ष टिकणार नाही. परंतु नोंद जितकी सूक्ष्म तितका बाऊ करण्यास वाव कमी. आज 'मध्येच आवाज गेला होता' या म्हणण्याचे ना खंडन करता येते ना मंडन. हानी नेमक्या कोणत्या क्षणी झाली हे दाखविता आले, तर उरलेली साक्ष निर्विवाद होते. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. वकील व बंदी यांची भेटही याच उपकरणांवरून होऊ शकते. कोण कोणाशी किती वेळ बोलले हे निरीक्षणाच्या नोंदींतून कळते. या अहवालांत प्रत्यक्ष बोलणे नसते हे खरे. तरी अशा भेटींच्या नोंदी सुनावणीच्या नोंदींपासून वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांतील सर्वांत सूक्ष्म तपशील घेऊच नये, हे उचित.

निवड एका प्रोटोकॉलाची करावयाची नसून प्रत्येकास त्याच्या योग्यतेचे काम द्यावयाचे आहे. उपकरण चालू आहे, त्याचा मायक्रोफोन बंद नाही, ही माहिती एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीने किंवा उपकरणाच्या स्वतःच्या स्थिती-अहवालाने घ्यावी. आवाजाची साक्ष आरटीसीपी व एक्सआर यांकडून, आणि तीही पल्ल्यागणिक घ्यावी. वेशी ओलांडण्याचे काम आतून बाहेर धाडलेल्या सुरक्षित अहवालांकडे द्यावे. या सर्वांवर एकच घड्याळ असावे. सलग हानी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की न्यायालयातील समन्वयकास तत्काळ सूचना मिळावी, म्हणजे साक्षीदार समोर असतानाच ते वाक्य पुन्हा विचारता येईल. ही मर्यादा ठरविताना जाळ्याची सरासरी पाहू नये. मराठीत होकार-नकाराचा भेद किती मिलिसेकंदांवर उभा आहे हे पाहावे. हे मोजण्याचे काम ध्वनिविज्ञानाचे आहे, आणि कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग येथील बोलींचे असे मोजमाप करणे विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातील आहे.

येथे यंत्राची सीमाही मान्य केली पाहिजे. मायक्रोफोन साक्षीदारापासून दूर ठेवला, खोलीत आवाज घुमला, किंवा ध्वनी तारेवर येण्यापूर्वीच विरला, तर आरटीसीपी 'काही हरवले नाही' असेच सांगेल. कारण त्याच्या हाती जे दिले गेले ते त्याने पूर्ण पोहोचविले. साक्षीदाराचे उत्तर त्याला पुन्हा वाचून दाखविणे आणि 'असेच म्हणालात ना?' असे विचारणे ही जुनी रीत म्हणूनच कोणत्याही प्रोटोकॉलाने कालबाह्य होत नाही. प्रोटोकॉलाने करावयाचे ते इतकेच, की हे केव्हा विचारणे अत्यावश्यक आहे ते सांगावे. ज्या निरीक्षणव्यवस्थेत हे सांगण्याची सोय नाही, ती उपकरणांची हजेरी घेणारी व्यवस्था होय. तिच्या अहवालावरून साक्ष नीट ऐकली गेली, असा निष्कर्ष कोणी काढू नये.